कोरड्या डोळ्यांची गाणी

इंग्रजी लोकगीतांविषयी मी लिहावे याला तसा काहीच आधार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. विलायत मी नकाशापलीकडे पाहिलेली नाही. आणि गळा असा की, शाळेत प्रार्थना सुरू झाली की शेजारचे शिक्षक हळूच एक पाऊल बाजूला सरकतात. मी मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो. या लेखाचा उगमही संगीतात नाही, माझ्याच एका कादंबरीच्या अपयशात आहे.

त्या कादंबरीत एक लहान मूल विहिरीत पडून मरते. त्या प्रसंगावर मी अकरा पाने खर्ची घातली होती. आईचा आक्रोश तर होताच. शिवाय वारा रडत होता, चिंच रडत होती, विहिरीवरचा रहाटसुद्धा हुंदके देत होता. पुस्तक निघाल्यावर एका अपरिचित बाईंचे पत्र आले. पत्र आपुलकीचे होते, कादंबरी आवडल्याचेही लिहिले होते. शेवटी मात्र एक वाक्य होते : तुमचे ते मूल गेले तेव्हा तुम्हीच इतके रडलात की मला रडायला जागा उरली नाही. टीकाकारांचे पुष्कळ काही मी आजवर पचवले आहे. हे वाक्य पचले नाही.

त्याच दिवसांत एका स्नेह्याने मला ‘द अनक्वाएट ग्रेव्ह’ हे गाणे ऐकवले. ‘अस्वस्थ थडगे’ म्हणा हवे तर. साथीला वाद्य नाही, एका बाईचा साधा आवाज. पहिल्यांदा ऐकले तेव्हा निम्मे शब्द कळले नाहीत. दुसऱ्यांदा कागदावर शब्द लिहून घेतले. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या घशाशी काहीतरी आले, आणि गाणारीच्या आवाजात तर मघापासून तसूभरही फरक पडला नव्हता. हे कसे झाले, याचा शोध मी गेली चार वर्षे आपल्या कुवतीप्रमाणे घेतो आहे.

गाण्यातली गोष्ट चिमूटभर आहे. कुणाचे तरी प्रिय माणूस मेले आहे. काही पाठांत ती मुलगी असते, काहींत तो तरुण. मागे उरलेला वर्ष आणि वर एक दिवस थडग्यावर बसून शोक करतो. मुदत भरते आणि थडग्यातले माणूस बोलू लागते. ते प्रेमाने बोलत नाही, तक्रार करते. या रडण्याने माझी झोप मोडते आहे, असे त्याचे म्हणणे. जिवंताला एक शेवटचे चुंबन हवे आहे. मेलेल्याचे उत्तर असे की, ते घेशील तर तुझेही दिवस भरले. मग दोघे एकेकाळी फिरत त्या बागेची आठवण निघते, तिथले सुंदर फूल देठापर्यंत वाळल्याचे कळते, आणि गाणे थांबते.

शोक अति झाला तर मेलेल्याला त्रास होतो, ही समजूत आपल्याला परकी नाही. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती गेल्यावर अज विलाप करतो. वसिष्ठ यज्ञात गुंतलेले असतात, म्हणून ते शिष्याकरवी निरोप पाठवतात. त्यात हेच सांगितलेले आहे, की आप्तांचे सतत वाहणारे अश्रू मृताला जाळतात. अजाला ते पटत नाही. मुलगा लहान म्हणून तो कशीबशी आठ वर्षे काढतो आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. समजूत एकच आहे. पण कालिदास आधी अजाला पोटभर रडू देतो, त्या विलापाचे एकाहून एक देखणे श्लोक रचतो आणि मग ताकीद देतो. इंग्रजी गाण्यात विलाप जवळजवळ नाहीच. ती ताकीद जणू गाणारीनेच आधी ऐकलेली आहे, आणि थडग्यातल्या माणसाची झोप मोडू नये अशा बेताने ती गाते आहे.

हा एका बाईच्या स्वभावाचा गुण असेल असे मला आधी वाटले. तसे नव्हते. 1903 च्या सप्टेंबरात सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज या खेड्यात सेसिल शार्प नावाचा संगीतशिक्षक आपल्या मित्राकडे, तिथल्या धर्मगुरूकडे, पाहुणा गेला होता. बागेत गवत कापणारा माळी कामाच्या नादात ‘द सीड्स ऑफ लव्ह’ हे गाणे गुणगुणत होता. माळ्याचे नाव जॉन इंग्लंड. कादंबरीत असे नाव घातले असते तर संपादकाने खोडले असते. पण ते खरे आहे. शार्पने ते गाणे तिथल्या तिथे उतरवून घेतले, आणि पुढच्या वीसएक वर्षांत इंग्लंडच्या खेड्यांतून व अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतून मिळून जवळजवळ पाच हजार चाली टिपल्या.

त्या पहिल्या दिवसाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून बोलका वाटतो. त्याच संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाची मेजवानी होती. शार्पने दुपारी ऐकलेल्या गाण्याला पियानोची साथ बसवली आणि एका शिकलेल्या गायिकेकडून ते तिथे म्हणवले. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणाले म्हणे, की या गाण्याला मेजवानीचा पोशाख आज पहिल्यांदाच चढला. हे कौतुक होते. मला त्यात धोक्याची घंटाही ऐकू येते. गाणे सापडून सहा तास झाले नाहीत तोच ते कुणालातरी अपुरे वाटले होते.

पण शार्पचे कान प्रामाणिक होते. 1907 साली त्याने ‘इंग्लिश फोक-साँग : सम कन्क्लूजन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यात खेड्यातला गाणारा गातो कसा, याचे वर्णन आहे. डोळे मिटलेले, मान वर, चेहरा ताठ आणि निर्विकार. गाणे संपेपर्यंत त्यात बदल नाही. आणि संपल्याबरोबर माणूस एकदम सैल होऊन रोजच्या आवाजात बोलायला लागतो. शब्दांतला प्रसंग कसलाही असो, आवाज चढवणे नाही, उतरवणे नाही. ते वाचताना मला आमच्या गावचे एक कीर्तनकार आठवले. आख्यानात हरिश्चंद्र स्मशानात उभा राहिला की बुवांचा उपरण्याचा पदर डोळ्यांकडे गेलाच पाहिजे. आणि तो गेला की सगळे देऊळ रडायचे. मीही रडलो आहे. ती कला खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. पण तिथे बुवा रडतात म्हणून आपण रडतो. इथे गाणारा रडत नाही, आणि रडायचे काम त्याने कुणावर सोपवलेले आहे हे आपल्याला उशिरा कळते.

याच्या मुळाशी चालीचा एक साधा नियम आहे. या कथागीतांची चाल एका कडव्यापुरती असते. दहा कडवी असोत की तीस, तीच चाल फिरून फिरून येते. लग्नाच्या कडव्याला जी चाल तीच खुनाच्या कडव्याला. पुढे काय घडणार आहे हे चालीला ठाऊक नसते, आणि मागे जे घडून गेले त्याची तिला खंत नसते. आपल्या नाटकांत प्रसंग पालटला की राग पालटतो. तिथे संगीत पात्रांच्या बाजूने उभे असते. इथे संगीत ऋतूसारखे आहे. घरात कुणी मेले म्हणून पाऊस थांबत नाही, तशी ही चाल थांबत नाही. त्या निर्विकार चालीवर मृत्यूचे कडवे आले, की ऐकणाऱ्याला एकटे पडल्यासारखे वाटते. या गाण्यांतल्या भावनेचे बळ बहुतांशी या एकटेपणातच आहे, असे माझे मत होत चालले आहे.

‘द ट्रीज दे डू ग्रो हाय’ हे गाणे पाहा. बापाने मुलीचे लग्न तिच्याहून लहान असलेल्या पोराशी लावून दिले आहे. पोरगा थोराघरचा, आज ना उद्या वाढेल, असा बापाचा हिशेब. ती कुरकुर करते, बाप समजूत घालतो. मग एक कडवे येते आणि त्यात वर्षे नुसती मोजली जातात. अमुक वर्षी तो नवरा झाला, पुढच्या वर्षी बाप झाला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या थडग्यावर गवत उगवले. वयाचे आकडे निरनिराळ्या पाठांत निरनिराळे आहेत. मोजणी मात्र चुकत नाही. त्याला काय झाले, ताप आला की घोड्यावरून पडला, एक शब्द नाही. दोघांत प्रेम कधी उपजले तेही नाही. मी हा मजकूर लिहिता तर त्याच्या आजारपणालाच दोन प्रकरणे दिली असती. इथे तीन वर्षे एका श्वासात जातात, आणि त्या मोजणीतच कळते की ती त्याच्यावर प्रेम करू लागली होती. कारण कुणाची वर्षे अशी मोजावी, हे प्रेमच ठरवते.

‘द क्रुएल मदर’ याहून कठीण आहे. एक कुमारिका रानात एकटी बाळंत होते आणि आपली अर्भके खिशातल्या चाकूने मारून पुरते. पुढे एके दिवशी तिला चेंडू खेळणारी सुंदर मुले दिसतात. तुम्ही माझी असता तर तुम्हाला रेशमात वाढवले असते, असे ती बोलून जाते. मुले सांगतात की आम्ही तुझीच होतो, तेव्हा रेशीम कुठे होते. आणि या प्रत्येक कडव्यात मधूनमधून हिरव्या रानाचे एक धृपद येते, त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही. पहिल्यांदा मला ते भरतीचे वाटले. आता वाटते की तेच सर्वांत भयंकर आहे. बाईने काहीही केले तरी रान हिरवेच राहते. तिला शिक्षा काय होते हे काही पाठांत सविस्तर सांगितले आहे, आणि ते पाठ मला उणे वाटतात. निवाडा द्यायला बसले की गाण्याचा आवाज बदलतो.

आपल्याकडे शाळेत आम्ही मुलांना सांगतो की बॅलड म्हणजे पोवाडा. ही सोय एका साहेबाच्या नावावरही मांडता येईल. हॅरी अ‍ॅक्वर्थ हा सनदी नोकर. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता, वडाळ्याच्या महारोग्यांच्या रुग्णालयाला अजून त्याचे नाव आहे. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सोबतीने पोवाडे जमवून 1891 साली छापले, आणि 1894 मध्ये त्यांतले काही ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने इंग्रजी पद्यात आणले. त्याचे ऋण मोठे आहे. एरवी कितीतरी पोवाडे गोंधळ्यांच्या पिढीबरोबरच गेले असते. पण त्या नावाने एक घोटाळा करून ठेवला. पोवाड्यात शाहीर समोर उभा असतो. डफावर थाप पडते, मागचे झीलकरी ‘जी जी’ धरतात, सिंहगडाच्या पोवाड्यात तुळशीदास आपले नाव गुंफतो, आणि आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे पहिल्या चौकातच जाहीर होते. इंग्रजी कथागीताला कर्त्याचे नाव नाही, बाजू नाही, सभा नाही. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने 1882 ते 1898 या काळात अशा 305 कथागीतांचे पाठ छापले, त्यांतल्या बहुतेकांचा कर्ता सांगता येत नाही. पोवाडा आपल्याला उभे करतो. ही गाणी खाली बसवतात.

मग जात्यावरची ओवी? तिच्यात कर्त्याचे नाव नाही हे खरे. आणि हेमा राईरकर व गी पॉयत्वँ यांनी पुण्यात बसून एक लाखावर ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात दुःखाला तोटा नाही. पण ओवीतली बाई स्वतःचे सांगते : माझा भाऊ, माझे माहेर, माझी लेक. इंग्रज मजूरबाई आपल्या खोलीत सदऱ्याची काजे करत गात असे ती कुणा सरदाराची, कुणा राजकन्येची गोष्ट, आणि तीही शेकडो वर्षांपूर्वीची. आपले दुःख तिने त्यात ठेवले असेल किंवा नसेलही. आपल्याला ते तपासता येत नाही. 1903 च्या डिसेंबरात एसेक्समधल्या इनग्रेव्ह गावी चार्ल्स पॉटिफर या सत्तरी उलटलेल्या मजुराने राल्फ व्हॉन विल्यम्सला ‘बुशेस अँड ब्रायर्स’ ऐकवले. त्या गाण्यात एक तरुण मुलगी आपल्या प्रियकराच्या दुराव्याने कष्टी झालेली आहे. म्हातारा मुलीचा आवाज काढत नाही; तिचे बोलणे तो आपल्याच आवाजात पोचवतो. व्हॉन विल्यम्स तिशी ओलांडलेला, संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला. पण हे गाणे आपल्याला जन्मापासून माहीत होते असे त्याला वाटले. त्याचे पुढचे सगळे संगीत त्या दुपारीकडे वळून पाहत राहिले.

इथवर मी परदेशाविषयी लिहिले. पण हा आवाज मी पूर्वी ऐकलेला होता, आणि हे कबूल करायला मला एवढी पाने लागली.

माझी आत्या आमच्याकडे असायची. तिचा सहा वर्षांचा मुलगा विहिरीत पडून गेला, मी जन्मायच्या आधी. ही गोष्ट ती मला कधीमधी सांगे. मी विचारले तरच. मांडीवर सूप, बोटे तांदळातले खडे शोधताहेत, आणि तोंडाने गोष्ट. शब्द दर वेळी तेच. पाडव्याचा दुसरा दिवस होता. दोर नवा होता. तो अर्धी भाकरी खाऊन उठला, अर्धी येऊन खातो म्हणाला. अर्धी दुरडीत तशीच राहिली. इथे ती थांबत नसे; एक खडा काढून बाहेर टाकी आणि म्हणे, “ऊठ बाबा, दिवे लागले, हातपाय धू.” रडायचो मी. एकदा मीच विचारले, “आत्या, तुला रडू नाही येत?” ती म्हणाली, “तुला सांगतेय ना? मी रडले तर सांगणार कोण?”

वाचकांच्या लक्षात आले असेल. माझ्या कादंबरीतले मूल तेच होते. भाकरी मी त्यात घेतली नाही; फार साधी वाटली. तिच्याऐवजी अकरा पाने रडणारा रहाट घेतला. पुस्तक छापून आले तेव्हा आत्या हयात नव्हती, एवढेच त्यात बरे.

एक आक्षेप मला स्वतःलाच छळत होता, तो इथे मांडतो. हा कोरडेपणा कला आहे की नुसती अडाण्याची ताठरता? साहेबासमोर, वही उघडून बसलेल्या पाहुण्यासमोर, कोणता खेडूत मोकळा गाईल? शार्पने जे निर्विकार चेहरे पाहिले ते कदाचित बुजलेले चेहरे असतील. शिवाय शार्पचा सगळाच व्यवहार निर्मळ नव्हता. दिवाणखान्यात आणि शाळेत चालावीत म्हणून त्याने कितीतरी गाण्यांतले धीट शब्द छापताना सौम्य केले. मूळ शब्द त्याच्या हस्तलिखितांतून जेम्स रीव्हज याने 1958 साली बाहेर काढले. शिक्षक या नात्याने मला शार्पची अडचण समजते. नववीच्या वर्गात ‘द क्रुएल मदर’ मीही शिकवणार नाही.

या आक्षेपाला उत्तर एका यंत्राने दिले. पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला पियानोवादक 1906 मध्ये लिंकनशरला फोनोग्राफ घेऊन गेला. तिथे जोसेफ टेलर नावाचा सत्तरीपुढचा गृहस्थ होता, एका जमिनदारीवरचा कारभारी. ग्रेंजर त्या मेणाच्या नळ्या पुन्हा पुन्हा फिरवून ऐकत बसला आणि जे ऐकले ते जसेच्या तसे स्वरलिपीत मांडू लागला. तेव्हा दिसले की चाल एकच असली तरी म्हातारा ती दोनदा सारखी म्हणत नाही. कुठे एक स्वर किंचित लांबतो, कुठे मुरकी येते आणि जाते, कुठे शब्दासाठी ताल वाकतो. हे सगळे इतके बारीक, की समोर बसून हाताने लिहिणाऱ्याच्या पेन्सिलीत ते सापडत नाही. लोकगीत मंडळातल्या जाणत्यांना ग्रेंजरची ही यंत्रनिष्ठा जरा अतिरेकी वाटली. पण 1908 साली ग्रामोफोन कंपनीने टेलरच्या आवाजाच्या तबकड्या काढल्या, आणि आज त्या माझ्यासारखा तालुक्याच्या गावचा मास्तरही फोनवर ऐकू शकतो.

मी त्या पुष्कळदा ऐकल्या आहेत. टेलरचे ‘ब्रिग फेअर’ दोनच कडव्यांचे आहे. त्याला तेवढेच येत होते. त्याच्यावरून ग्रेंजरने आपली रचना केली आणि डीलियसने 1907 मध्ये वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. डीलियसची रचना सुंदर आहे, तिच्यात धुके आहे, ऊन आहे, घंटा आहेत. टेलरच्या गाण्यात जत्रेला निघालेला एक माणूस आहे. खरखरीतून येणारा त्याचा आवाज पंचाहत्तरीच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका हलका आणि नितळ आहे. आणि तो बुजलेला मुळीच नाही. ज्याला मी कोरडेपणा म्हणत आलो तो भावनेचा अभाव नसून तिची जागा बदलणे आहे, हे मला तिथे कळले. भावना आवाजाच्या चढउतारात न ठेवता त्याने एखाद्या स्वराच्या टोकावर, केसाएवढ्या जागेत ठेवली आहे. शोधाल तर सापडेल. न शोधाल तर नुसते गाणे ऐकाल, त्यालाही त्याची हरकत नाही.

नंतरच्या काळातल्या शिकलेल्या गायकांनी मात्र या गोष्टीचा बराच गोंधळ केला, असे मला म्हणावेसे वाटते. इवन मकॉल हा मोठा माणूस. त्याने गाणी जमवली, रचली, तरुणांना गोळा करून 1964 पासून सातआठ वर्षे एक अभ्यासगट चालवला. पण तो मूळचा नाटकातला. रंगभूमीवरची स्टानिस्लाव्हस्कीची पद्धत त्याने लोकगीतांना लावली : पात्राच्या अंतरंगात शिरा, त्याची भावना स्वतःत जागवा, मग गा. त्याची कथागीते ऐकताना मला आमचे कीर्तनकार बुवा आठवतात. खुनी आला की आवाजात खून येतो. ते प्रभावी आहे. पण तिसऱ्या कडव्यापर्यंत मी खुनाकडे पाहायचे सोडून मकॉलकडे पाहायला लागतो. याबाबतीत माझ्याशी मतभेद असणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि त्यांचा कान माझ्याहून निश्चित तयार आहे.

शर्ली कॉलिन्स ही त्याच्या उलट टोकाची गायिका. 1935 साली ससेक्समधल्या हेस्टिंग्ज इथे जन्मलेल्या या बाईंनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गाणी उचलली. गाणाऱ्याने गाण्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, आपण नुसते ते पुढे पोचवणारे, ही त्यांची धारणा. तसेच त्या गायल्या. थोरली बहीण डॉली हिच्या साथीने काढलेली 1969 ची ‘अँथम्स इन ईडन’ आणि 1970 ची ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’ ऐकावी. अंगावर एकही दागिना नसलेला आवाज. पण सत्तरीच्या दशकाच्या शेवटी त्यांचा संसार मोडला आणि त्या धक्क्याने आवाजच गेला. लोकांसमोर उभे राहावे आणि गळ्यातून स्वर फुटू नये, असे होऊ लागले. त्या गाण्यापासून दूर झाल्या, पोटासाठी इतर कामे केली. शेवटच्या ध्वनिमुद्रिकेनंतर 38 वर्षांनी, 2016 मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी त्यांची ‘लोडस्टार’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ल्यूइसच्या राहत्या घरातच ती मुद्रित केलेली आहे.

या घटनेपाशी माझा सगळा सिद्धांत अडखळतो. गाण्यात गाणाऱ्याने स्वतःचे दुःख आणू नये, असे मानणाऱ्या बाईचे गाणे स्वतःच्या दुःखानेच बंद पाडले. म्हणजे ते बाजूला होणे आपोआप घडणारे नव्हते. त्याला बळ लागत होते, रोज लागत होते, आणि एक दिवस ते पुरले नाही. आत्याचे सूप आणि खडे मी नव्याने पाहू लागलो ते यानंतर. तिलाही ते सोपे असेल असे मी इतकी वर्षे कशावरून धरून चाललो होतो? ‘लोडस्टार’मधला आवाज जुन्या आवाजाहून कितीतरी खाली आहे, घोगरा आहे, काठाशी थोडा फाटलेला आहे. रीत मात्र तीच. फाटलेपणाचेही त्या भांडवल करीत नाहीत. या ध्वनिमुद्रिकेत ‘क्रुएल लिंकन’ म्हणून एक गाणे आहे. मजुरी न मिळालेला गवंडी धन्याच्या घरात शिरून त्याच्या बायकोचा आणि तान्ह्या मुलाचा जीव घेतो, अशी गोष्ट. त्याच्याइतके भीषण काही मी अलीकडे ऐकलेले नाही, आणि त्या ते अंगणात कुणी आले-गेले सांगावे तसे सांगतात.

शेवटी नॉरफकमधल्या नॅप्टन गावच्या वॉल्टर पार्डनविषयी लिहितो. 1914 सालचा जन्म, धंद्याने सुतार, अविवाहित, जन्मला त्याच घरात सारा जन्म काढलेला. मामाने त्याला घराण्यातली गाणी शिकवली. भोवतालच्या तरुणांना तोवर ती जुनाट वाटू लागली होती. मामा गेला, ऐकणारे गेले. पार्डनने गाणी टाकली नाहीत. चाली विसरू नयेत म्हणून तो त्या मेलोडियनवर, म्हणजे भात्याच्या छोट्या बाजावर, वाजवीत बसे, आणि शब्द त्याने वहीत उतरवून ठेवले. अशी तीस-एक वर्षे गेली. नात्यातल्या एका तरुणाच्या आग्रहाने त्याने 1970 नंतर कधीतरी ती टेपवर म्हणून ठेवली. टेप पीटर बेलमी या गायकापर्यंत पोचली, आणि 1975 मध्ये साठी ओलांडलेल्या या सुताराची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1996 साली तो वारला.

पार्डनचा आवाज रंधा मारल्यासारखा सरळ आहे. कथा सांगणाऱ्याला समोर ऐकणारा लागतो, असे मी वर्गात दर वर्षी सांगतो. पुस्तकातही तसेच आहे. मग ती तीस वर्षे तो कुणाला सांगत होता? माझ्या नव्या कादंबरीचे हस्तलिखित टेबलावर पडले आहे. विहिरीचा प्रसंग मी तिच्यात पुन्हा घेतला आहे, आणि या वेळी तो पाऊण पानाचा झाला आहे. भाकरी आहे. दोराविषयीचे वाक्य दोनदा लिहून खोडले. ते आत्याच्या तोंडी जसे होते तसे अजून मला येत नाही.